क्रॅम्पॉन कोणते घ्यावेत? आधी बूट बघू

प्रश्न असा आहे: पुण्यातले एक ट्रेकर, सह्याद्रीत अनेक वर्षं नियमित भटकणारे, जूनमध्ये मनालीजवळच्या फ्रेंडशिप शिखरावर (५,२८९ मीटर) जाणार आहेत. जवळ घोट्यापर्यंतचे चांगले ट्रेकिंग शूज आहेत. त्यावर बसतील असे क्रॅम्पॉन (बर्फात पकड मिळावी म्हणून बुटाखाली बांधायचे धातूचे दातेरी सांगाडे) विकत घ्यावेत की मनालीत भाड्याने घ्यावेत? बूटही बदलावे लागतील का? आणि पुण्यात बर्फ नाही, मग सराव कसा करायचा?

थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते असं. आहेत ते शूज बेस कॅम्पपर्यंत वापरा, त्यावर क्रॅम्पॉन चढवून शिखराकडे निघू नका. पैसे एकाच गोष्टीवर घालता येणार असतील तर बूट स्वतःचे घ्या आणि क्रॅम्पॉन भाड्याने आणा. बरेच जण नेमकं उलटं करतात, कारण क्रॅम्पॉन त्या मानाने स्वस्त पडतात, सॅकमध्ये मावतात आणि बघता क्षणी गिर्यारोहणाचे वाटतात. पण क्रॅम्पॉन पायाला बसत नाहीत, बुटाला बसतात. बूट चुकला तर खालच्या बारा दात्यांचा काही उपयोग नाही.

सह्याद्रीत आपण ज्या बुटांवर प्रेम करतो त्यांचे गुणच बर्फात दोष ठरतात, हे आधी नीट समजून घ्या. ओल्या बेसाल्टवर पकड हवी म्हणून आपल्याला मऊ रबर लागतं. कातळटप्प्यावर खोबणीचा अंदाज पायाला लागावा म्हणून तळ पातळ आणि लवचिक लागतो. 'ॲक्शन ट्रेकिंग'च्या साध्या बुटांवर ट्रेकर्सच्या पिढ्या वाढल्या त्या याच कारणासाठी. कडक बर्फावर रबर धरत नाही, मऊ असो की कडक. तिथे बुटाने टोकाने लाथ मारून पायरी पाडायची असते, कडेवर उभं राहायचं असतं आणि खाली बांधलेल्या पोलादी सांगाड्याला घट्ट आधार द्यायचा असतो. त्यासाठी तळ फळीसारखा ताठ लागतो.

बूट ताठ आहे की नाही हे दुकानात अर्ध्या मिनिटात कळतं. एका हाताने टाच धरा, दुसऱ्याने चवडा, आणि बूट मधोमध वाकवायचा प्रयत्न करा. मग ओलं कापड पिळतो तसा पिळून बघा. साधा ट्रेकिंग शू दोन्हीत सहज नमतो. गिर्यारोहणाचा बूट चवड्यापाशी जेमतेम हलतो किंवा अजिबात हलत नाही.

या ताठपणावरून बुटांचे चार वर्ग सांगितले जातात, बी-० ते बी-३. बी-० म्हणजे तुमचे आताचे शूज, क्रॅम्पॉनसाठी नाहीत. बी-१ मध्ये तळ अर्धवट ताठ असतो, सोप्या हिमनदीवर पट्ट्यांचे क्रॅम्पॉन चालतात. बी-२ मध्ये तळ जवळजवळ पूर्ण ताठ आणि टाचेमागे एक ठळक आडवी कड असते. बी-३ मध्ये तळ पूर्ण ताठ आणि कड पुढे-मागे दोन्हीकडे. क्रॅम्पॉनचेही तसेच तीन प्रकार. सी-१ मध्ये पुढे-मागे लवचिक प्लास्टिकची कमान आणि पट्टे असतात. सी-२ मध्ये पुढे कमान आणि मागे टाचेच्या कडेवर 'खट्' करून बसणारा लिव्हर असतो, यालाच सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात. सी-३ मध्ये पुढे तारेची जाड कडी आणि मागे लिव्हर. नियम सोपा आहे: बुटाचा आकडा क्रॅम्पॉनच्या आकड्याइतका किंवा जास्त हवा. बी-३ बुटावर सी-१ चालेल, बी-१ बुटावर सी-३ कधीच नाही.

मऊ बुटावर क्रॅम्पॉन का नकोत, हे 'मित्र तर तसाच जाऊन आला' असं ऐकल्यावर विसरायला होतं, म्हणून सविस्तर सांगतो. चालताना प्रत्येक पावलाला मऊ बूट चवड्यापाशी वाकतो. क्रॅम्पॉनचा सांगाडा त्या प्रमाणात वाकत नाही. मग टाच सांगाड्यातून किंचित वर उचलली जाते, परत आदळते, परत उचलली जाते. दोन-तीनशे पावलांत पट्टे सैलावतात आणि क्रॅम्पॉन एका बाजूला फिरतो. ते टाळायला माणूस पट्टा आणखी आवळतो. मऊ बुटाला वरून आवळलं की दाब थेट पायाच्या वरच्या भागावर येतो, रक्त पुढे जात नाही आणि पहाटेच्या थंडीत बोटं बधिर होतात. तिकडे पुढचा आणि मागचा भाग जोडणारी मधली पट्टी हजारो वेळा वाकून थकते आणि एखाद्या भोकापाशी तडकते. म्हणजे चूक बुटाची, आणि मोडतो क्रॅम्पॉन, तोही नेमका उतारावर.

तुमच्या बेतासाठी मी बी-२ वर्गाचा, आतून उष्णतारोधक अस्तर असलेला, टाचेला कड असलेला बूट आणि त्यावर सी-२ क्रॅम्पॉन सुचवेन. जून महिन्यात फ्रेंडशिपच्या उंचीला एवढं पुरतं. पाय लवकर गार पडत असतील, किंवा पुढच्या दोन-तीन वर्षांत देव तिब्बा (६,००१ मीटर) किंवा लडाखमधलं सहा हजारी शिखर मनात असेल, तर दुहेरी बूट घ्या. त्यात बाहेरचं कवच वेगळं आणि आतला मऊ बूट वेगळा असतो. रात्री आतला बूट काढून स्लीपिंग बॅगमध्ये घेता येतो आणि सकाळी तो कोरडा आणि ऊबदार मिळतो. हा फायदा किती मोठा आहे ते तंबूत गोठलेल्या बुटात पाय घालायची वेळ आली की कळतं. वजन मात्र वाढतं: एकेरी बुटांची जोडी साधारण दीड ते पावणेदोन किलो, दुहेरी दोन ते अडीच किलो.

आता माप. इथे पुण्या-मुंबईचे लोक सर्वांत जास्त चुकतात. आपण बूट पातळ सुती मोज्यावर, एसी दुकानात, सकाळी, गुळगुळीत फरशीवर घालून बघतो. बूट बघायला संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात आणि उंचीवर तसेच होतात. जे मोजे शिखरावर घालणार तेच सोबत न्या: एक पातळ सिंथेटिक किंवा लोकरी, त्यावर एक जाड लोकरी. सुती मोजा नको, तो घाम धरून ठेवतो आणि ओला राहतो. नाडी न बांधता पाय पुढे सरकवा, बोटं पुढे टेकू द्या आणि टाचेमागे तर्जनी घालून बघा. एक बोट आरामात गेलं तर लांबी बरोबर, दोन बोटं गेली तर बूट मोठा. मग टाच मागे ठोकून नाडी बांधा आणि दुकानातल्या उतरत्या फळीवर तोंड खाली करून उभे राहा. फळी नसेल तर जिन्याच्या पायरीवर टाच वर आणि चवडा खाली ठेवून उभे राहा. अंगठा पुढे टेकला तर ते माप सोडून द्या. उतरताना तोच अंगठा काही हजार वेळा टेकेल आणि नख काळं पडेल. चढायच्या दिशेने उभं राहिल्यावर टाच किंचित उचलली गेली तर चालेल, पण बोटभर उचलली गेली तर टाचेला फोड येणार हे नक्की.

बोटं आत मोकळी हलली पाहिजेत. घट्ट बूट म्हणजे थंड बूट. म्हणूनच एक मोजा जास्त घालून ऊब वाढत नाही. जागा संपली की रक्ताभिसरण कमी होतं आणि पाय उलट लवकर गारठतो.

जुने बूट कुणाकडून घेणार असाल, किंवा घरी माळ्यावर पडलेले काढणार असाल, तर तळ आधी तपासा. अनेक बुटांच्या मधल्या थरात पॉलीयुरेथेन असतं. हवेतल्या ओलाव्याने ते वर्षानुवर्षं आतून विघटित होत राहतं. आपल्याकडचे चार महिने पाऊस आणि बंद कपाट यांत हे आणखी झपाट्याने होतं. बूट वरून नव्यासारखा दिसतो, झिजलेला नसतो, कारण वापरलेलाच नसतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या चालीत सगळा तळ पापुद्र्यासारखा सुटून लोंबायला लागतो. तपासायचं असं: तळ आणि वरचा भाग यांच्यामधल्या मऊ थरात अंगठ्याचं नख जोराने रुतवा. रुतलेल्या जागी भुगा पडला, चिकट लागलं किंवा बारीक भेगा उघडल्या तर तो बूट शिखरासाठी संपला. पाच-सात वर्षांपूर्वीच्या कुठल्याही बुटाला ही परीक्षा द्यायला लावा. जुने प्लास्टिकचे दुहेरी बूट वेगळ्या प्रकारे दगा देतात. त्यांचं कवच म्हातारं होऊन ठिसूळ होतं आणि कडाक्याच्या थंडीत तडकतं. भाड्याच्या प्लास्टिक बुटांवर घोट्याच्या सांध्यापाशी आणि पुढच्या कडेजवळ केसासारखी चीर दिसते का, ते उजेडात धरून बघा.

बूट ठरला की क्रॅम्पॉन निवडणं सोपं आहे. दहा दात्यांचे क्रॅम्पॉन ऑस्कर एकेन्स्टाइनने १९०८ मध्ये आखले, तेव्हा सगळे दाते खाली तोंड करून होते आणि चालायचं तंत्रही सगळं पाऊल सपाट टेकण्याचं होतं. पुढे बाहेर डोकावणारे दोन दाते १९२९ मध्ये लॉरां ग्रिव्हेलने आणले, ते उभ्या बर्फासाठी. आजच्या बारा दात्यांच्या क्रॅम्पॉनमध्ये ही दोन्ही तंत्रं एकत्र आहेत. तुम्हाला बहुतांश वेळ पहिलं तंत्र लागेल आणि थोडा वेळ दुसरं. त्यामुळे बारा दात्यांचे, पुढचे दोन दाते आडवे-चपटे असलेले क्रॅम्पॉन घ्या. चपटा दाता घट्ट बर्फात रुंद आधार देतो. उभे, चाकूच्या पात्यासारखे पुढचे दाते गोठलेल्या धबधब्यांसाठी असतात, नरम बर्फ ते कापत जातात.

धातू पोलादच. ॲल्युमिनियमची जोडी पाव-अर्धा किलोने हलकी असते आणि हातात घेतल्यावर मोह पडतो, पण आपल्या हिमालयात बर्फ आणि दगड यांच्या मिश्र पट्ट्यांतून जावंच लागतं. दगडावर ॲल्युमिनियमचे दाते एका दिवसात बोथट होतात. आणि तळाशी रबर-प्लास्टिकच्या पत्र्या, म्हणजे अँटिबॉट, नसलेला क्रॅम्पॉन घेऊ नका. कारण पुढे सांगतो.

भाड्याने घेताना दुकानदाराने पुढे केलेली जोडी तशीच उचलू नका. स्वतःचा बूट सोबत न्या. डावा आणि उजवा वेगळे असतात. दोन्ही घातल्यावर बकल बाहेरच्या बाजूला आली पाहिजेत, आतल्या बाजूला आली तर दुसऱ्या पायाच्या दात्यात अडकतील. दोन डावे दिले गेल्याचे प्रकार होतात, आणि मोसमाच्या गर्दीत तर हमखास. सांगाड्याच्या प्रत्येक वाकणापाशी बोट फिरवा, तडा तिथेच सुरू होतो. वरचा लालसर गंज चालतो, खवले पडलेला नाही. पट्टे कुठे फाटलेत, शिवण कुठे उसवली, स्क्रू-नट सगळे आहेत ना, हे बघा. दात्यांची टोकं बोटाच्या पेराएवढी गोल झाली असतील तर दुसरी जोडी मागा.

बसवण्याची पद्धत आता हळू सांगतो, कारण बहुतेक अपघातांची मुळं इथे असतात. मधल्या पट्टीची लांबी आधी जुळवा. बूट सांगाड्यात ठेवला की पुढचे दोन दाते बुटाच्या टोकापुढे दोन ते अडीच सेंटिमीटर आले पाहिजेत. कमी आले तर लाथ मारताना आधी बूट टेकेल, जास्त आले तर पाय अडखळेल आणि पोटरीवर ताण येईल. बुटाच्या टाचेला मागे सांगाड्याचा आधार लागला पाहिजे, मध्ये फट नको. टाचेचा लिव्हर अंगठ्याच्या चांगल्या जोराने बंद व्हायला हवा. सहज बंद झाला तर मागचा स्क्रू फिरवून घट्ट करा, तळहाताने ठोकावं लागलं तर सैल करा. मग पट्टा न बांधता बूट उचलून जोरात हलवा. सी-२ प्रकारात क्रॅम्पॉन एवढ्यावरच बुटाला चिकटून राहिला पाहिजे. पट्टा हा दुसरा कुलूप आहे, पहिला नाही. हलवल्यावर खुळखुळ ऐकू आली तर पट्टी एक भोक कमी करा आणि परत बघा. बुटाचा पंजा आतल्या बाजूला वळलेला असतो, काही क्रॅम्पॉनमध्ये सरळ पट्टी त्याला जुळत नाही आणि एका बाजूला बूट सांगाड्याबाहेर डोकावतो. अशा वेळी किंचित वाकडी पट्टी मिळते ती लावा.

दोन कड्यांचं बकल असेल तर पट्टा दोन्ही कड्यांतून एकत्र ओवा, मग वरच्या कडीवरून मागे वळवून फक्त खालच्या कडीतून काढा आणि ओढा. मोटारसायकलच्या काही हेल्मेटला हीच रचना असते. एकदाच ओवून सोडलेला पट्टा बर्फ शिरला की निसटतो. उरलेलं टोक स्वतःच्या क्रॅम्पॉनला आठ-दहा सेंटिमीटर ठेवून कापा आणि कापलेली कड मेणबत्तीवर धरून वितळवा. भाड्याचा असेल तर टोक पट्ट्याखाली खोचा. लोंबणारं टोक दुसऱ्या पायाच्या दात्याखाली आलं की माणूस तोंडावर पडतो.

प्रत्यक्ष डोंगरावर क्रॅम्पॉन गरज पडायच्या आधी घाला. उतार कडक झालाय हे घसरल्यावर कळण्यात अर्थ नाही. सपाट जागा बघा किंवा ॲक्सने (आइस ॲक्स, म्हणजे बर्फात वापरायची लांब दांड्याची कुऱ्हाड) छोटी पायरी खणा. सॅक घरंगळणार नाही अशी ठेवा. क्रॅम्पॉन बर्फावर दाते खाली करून, सगळे पट्टे बाहेरच्या बाजूला उघडून मांडा. बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ ॲक्सच्या दांड्याने खरवडून काढा. तो राहिला तर बूट सांगाड्यात पूर्ण बसल्यासारखा वाटतो, आणि दहा मिनिटांनी बर्फ दबून सगळं ढिलं होतं. आधी पुढचं टोक कमानीत, मग टाच, मग लिव्हर, मग पट्टा. उठून दहा-बारा वेळा पाय आपटा आणि परत घट्ट करा. चालायला लागल्यावर पंधरा मिनिटांनी थांबून पुन्हा बघा.

चालताना दोन पावलांमध्ये एका विटेच्या रुंदीइतकं अंतर ठेवा. नेहमीच्या सवयीने घोट्याला घोटा घासून चाललात तर आतले दाते दुसऱ्या पायाच्या पॅंटमध्ये अडकतात. म्हणून गेटर (बुटावरून पोटरीपर्यंत चढवायची कापडी आवरणं) घट्ट बसणारे हवेत आणि ढगळ ट्रॅकपॅंट नको. पाय ओढू नका, थोडा जास्त उचला.

सगळ्यात अवघड जाते ती सह्याद्रीची एक सवय मोडणं. आडव्या उतारावर आपण बुटाची डोंगराकडची कड रुतवतो आणि घोटा आत वळवतो. मुरमावर, घसाऱ्यावर ते बरोबर आहे. क्रॅम्पॉनमध्ये तसं केलं की दात्यांची एकच ओळ टेकते, बाकी सगळे हवेत राहतात, आणि तीच ओळ निसटते. इथे घोटा दरीकडे झुकवून पूर्ण तळ उताराला समांतर टेकवायचा, म्हणजे खाली बघणारे दहाही दाते एकदम रुततात. शरीराला हे चुकीचं वाटतं, कारण पाऊल दरीकडे कललेलं दिसतं. तरीही तेच करायचं. उतार थोडा वाढला की पावलं बदकासारखी बाहेर फाकवा. साधारण तीस अंशांपुढे तिरकं चढा, वरचा पाय पुढे आणि खालचा त्याच्या वरून ओलांडून, प्रत्येक पाऊल सपाट. त्याहून उभं झालं की एक पाय पुढच्या दात्यांवर आणि दुसरा आडवा सपाट ठेवा, मधूनमधून बदला. त्याने पोटऱ्या वाचतात. दोन्ही पाय पुढच्या दात्यांवर ठेवायची वेळ साधारण पंचेचाळीस-पन्नास अंशांवर येते. तिथे एकच नेमकी लाथ मारा, गुडघ्यातून, आणि पाय हलवू नका. टाच चवड्यापेक्षा किंचित खाली ठेवा. टाच वर गेली की पुढचे दाते उचकटतात आणि त्यांच्या मागची आधार देणारी जोडी बर्फाबाहेर येते. घाबरलेला माणूस नकळत टाच उचलतो, म्हणून सोबत्याने मागून सारखं 'टाच खाली' म्हणत राहिलेलं बरं.

उतरताना खुर्चीत बसता बसता अर्ध्यात थांबावं तसे गुडघे वाकवा, वजन थेट पावलांवर आणा आणि पूर्ण तळ एकदम टेकवा. भीतीने मागे रेललात तर फक्त टाचेचे दाते धरतात. आपण नाळेत उतरताना बसून सरकतो, तसं क्रॅम्पॉन घालून कधीही घसरगुंडी करू नका. एक दाता अडकला की पाय जागीच थांबतो आणि शरीर पुढे जातं. घोटा किंवा गुडघा मोडतो. घसरून उतरायचंच असेल तर क्रॅम्पॉन आधी काढून सॅकला बांधा. आणि चुकून पडलात, ॲक्सने थांबायचा प्रयत्न करताय, तर वेग कमी होईपर्यंत गुडघे टेकून पावलं वर उचललेली ठेवा, नाहीतर दाते रुतून तुम्ही मागे उलटाल.

आता अँटिबॉटचं कारण. पहाटे दोनला निघता तेव्हा बर्फ कडक असतो आणि क्रॅम्पॉन सुरेख चालतात. ऊन चढलं की वरचा थर ओला होतो आणि दात्यांमध्ये गोळा होऊन चिकटतो. प्रत्येक पावलाला तो वाढतो. शेवटी दात्यांच्या टोकांपेक्षा गोळा जाड होतो आणि तुम्ही पोलादावर नाही, बर्फाच्या लाडवावर उभे असता. तेही उतरताना, थकलेले असताना. अँटिबॉटची पत्री पावलागणिक आतबाहेर होऊन गोळा झटकते. तरी चिकटलाच तर दर एक-दोन पावलांनी ॲक्सच्या दांड्याने बुटाच्या बाजूला टकटक करा. पत्री नसेल तर जाड प्लास्टिकचा तुकडा तळाला डक्ट टेपने बांधा, काही तास निभावतं. बर्फ खोल आणि पेंडीसारखा झाला असेल, खाली कडक थर नसेल आणि उतार निर्धोक असेल, तर क्रॅम्पॉन काढून टाचा रुतवत उतरणं जास्त सुरक्षित.

दोराने बांधलेले असाल तर दोरावर क्रॅम्पॉनचा पाय पडू देऊ नका. वरून चीर दिसत नाही, आतला गाभा कापलेला असतो.

केदारकंठासारख्या हिवाळी ट्रेकला (सुमारे ३,८०० मीटर) हे सगळं लागत नाही. तिथे मळलेल्या वाटेवर साखळीचे छोटे दाते, मायक्रोस्पाइक, तुमच्या आताच्या शूजवर पुरतात. मात्र जिथे घसरलं तर आपोआप थांबणार नाही असा उतार आहे, तिथे मायक्रोस्पाइकवर विसंबू नका. रबर ताणून बाजूला सरकतं.

पुण्यातल्या सरावाबद्दल. बर्फाशिवाय जवळजवळ निम्मं काम घरी होतं. नवे बूट घालून आधी घरात, मग पर्वतीच्या पायऱ्या, मग वेताळ टेकडी, मग आतकरवाडीकडून सिंहगड, असं दीड-दोन महिने वापरा. लांब डांबरी रस्त्यावर नको, तळ फुकट झिजतो. टेकडीच्या गवताळ उतारावर आडवं उभं राहून, क्रॅम्पॉनशिवाय, पूर्ण तळ टेकवत चालायचा सराव करा. घोटा दरीकडे झुकवायची ती विचित्र भावना इथेच ओळखीची होते. जिन्याच्या पायरीवर फक्त चवडा टेकवून, टाच किंचित खाली ठेवून एक मिनिट उभे राहा, पाच वेळा, दिवसाआड. पोटऱ्या थरथरतील, पुढच्या दात्यांवर नेमकं तेच होतं.

क्रॅम्पॉन निघण्याआधी हाती आले असतील तर ते चढवण्याचा सराव गोणपाटावर करा, नाहीतर फरशी फुटेल. आधी उघड्या हाताने, मग जाड हातमोज्यांनी, मग दिवे घालवून हेडलॅम्पवर, मग तोही बंद करून. दोन्ही पाय चार मिनिटांत झाले पाहिजेत. हे जमलं की पट्टे पाण्यात भिजवून क्रॅम्पॉन प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी हातमोज्यांनी बांधायचा प्रयत्न करा. पट्टा लाकडासारखा होतो, कडीतून ओवत नाही, बकलमध्ये बर्फ बसलेला असतो. कॅम्पवर पहाटे दोनला नेमकं हेच हाताला लागतं. तिथे पहिल्यांदा कळण्यापेक्षा स्वयंपाकघरात कळू द्या. आणि शक्य असेल तर शिखराआधी उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेतला चार आठवड्यांचा बेसिक कोर्स कराच. पावलं सपाट पडतात की नाही हे स्वतःला दिसत नाही, बाहेरून कुणीतरी बघावं लागतं.

शिखराच्या दिवशी पायांकडे लक्ष असू द्या. बोटं गार लागणं, दुखणं ही ठीक अवस्था आहे. दुखायचं थांबलं आणि जाणीवच गेली, तर लगेच थांबून आधी पट्टा आणि नाडी सैल करा, बोटं हलवा, सोबत्याला सांगा. जाणीव परत येत नसेल तर तिथून खाली उतरा. गोठलेला पाय चोळू नका, शेकोटीजवळ नेऊ नका. परत गोठण्याची शक्यता नाही अशा ठिकाणी पोचल्यावरच ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो पूर्ववत करायचा, आणि डॉक्टर गाठायचा.

सोबत एक जादा पट्टा, थोडी तार, केबल टाय, क्रॅम्पॉनचा जादा स्क्रू-नट आणि त्याला लागणारा पाना ठेवा. विमानाने जाणार असाल तर क्रॅम्पॉन चेक-इन सामानातच घाला, दात्यांवर रबरी टोप्या लावून जाड पिशवीत, नाहीतर तुमचंच डाउन जॅकेट फाटेल.

धार लावायची ती हाताच्या कानशीने, सांगाड्याकडून टोकाकडे, एकाच दिशेने. खालच्या दात्यांच्या फक्त अरुंद कडा घासायच्या, रुंद बाजू नाही, नाहीतर दाता पातळ होऊन वाकतो. ग्राइंडरवर धरू नका. ठिणग्या उडतात तेव्हा पोलाद तापून त्याचं पाणी उतरतं, धार चमकते, पण दाता मऊ पडतो. धार भाजीच्या सुरीइतकी नको, तळहातावर दाबल्यावर टोचलं पाहिजे एवढीच पुरे. परत आल्यावर क्रॅम्पॉन ओल्या पिशवीतून काढून पुसून वाळवा आणि लिव्हरच्या सांध्यावर तेलाचा थेंब सोडा. बूट सावलीत, आतले तळवे बाहेर काढून वाळवा आणि हवेशीर जागी ठेवा. पावसाळाभर माळ्यावर न टाकता महिन्यातून एकदा तरी घालून टेकडीला जाऊन या, वापरात राहिलेला तळ जास्त वर्षं टिकतो.